झूम लेन्सची परीक्षा

तुमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाला कॅमेऱ्यासाठी झूम लेन्स घ्यायची आहे, असे समजा. नवी परवडत नाही, म्हणून वापरलेली पाहायचे ठरते. विक्रेता लेन्स तुमच्या हातात देतो. ती चांगली वजनदार असते, काच चकाकत असते, कडे फिरवताच समोरचे दृश्य झरकन जवळ येते. एक छायाचित्र काढून कॅमेऱ्याच्या पाठीवरील छोट्या पडद्यावर दाखविले जाते. तेही छान दिसते. आता घ्यायची की नाही? वर्षभर जमविलेली वर्गणी एका 'हो' म्हणण्यावर खर्च होणार असते.

वजन, चकाकी आणि छोट्या पडद्यावरचे चित्र या तीन गोष्टी लेन्सविषयी फारच थोडे सांगतात. उलट जे पाहायला हवे ते पाहण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. वर्तमानपत्राची पाच पाने, एक छोटा सपाट आरसा, एक विजेरी आणि तुमच्या पाठ्यपुस्तकातील प्रकाशाचे धडे एवढ्यावर हे काम होते. ते कसे, हे आपण क्रमाने पाहू. लेखात 'भिंग' हा शब्द काचेच्या एकेका तुकड्यासाठी आणि 'लेन्स' हा शब्द अनेक भिंगे बसविलेल्या संपूर्ण नळीसाठी वापरला आहे.

झूम म्हणजे नेमके काय?

साध्या भिंगाचे नाभीय अंतर ठरलेले असते. झूम लेन्समध्ये मात्र कडे फिरवून ते बदलता येते. ही किमया एका सूत्रात आहे. दोन पातळ भिंगांची नाभीय अंतरे क आणि ख असतील आणि ती एकमेकांपासून अ अंतरावर ठेवली असतील, तर त्या जोडीचे नाभीय अंतर न पुढील सूत्राने मिळते:

१/न = १/क + १/ख − अ/(क × ख)

पुढचे भिंग अंतर्वक्र असून क = −१०० मिमी आणि मागचे बहिर्वक्र असून ख = +५० मिमी आहे, असे घ्या. किमती घातल्यावर १/न = (५० + अ)/५००० असे येते. दोन भिंगांत ५० मिमी अंतर ठेवले, तर न = ५० मिमी. तेच अंतर १० मिमी केले, तर न = सुमारे ८३ मिमी. काच तीच, केवळ अंतर बदलले आणि नाभीय अंतर बदलले. हेच झूम होय.

पण येथे एक अडचण उभी राहते. दूरच्या वस्तूची प्रतिमा पहिल्या स्थितीत मागच्या भिंगापासून ७५ मिमीवर पडते, तर दुसऱ्या स्थितीत सुमारे ९२ मिमीवर. कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पट्टी तर जागची हलत नाही. म्हणून प्रतिमा तिच्यावरच पडत राहावी यासाठी मागचे भिंग सुमारे १७ मिमी पुढे सरकले पाहिजे आणि त्याच वेळी पुढचे भिंग सुमारे २३ मिमी मागे आले पाहिजे. एक पुढे, एक मागे, आणि दोघांची चाल वेगवेगळी! ही चाल साधण्यासाठी नळीत वक्र खाचा कापलेल्या असतात. कडे फिरले, की भिंगांच्या चौकटींवरील लहान खुंट्या या खाचांतून सरकतात.

प्रत्यक्षातल्या झूम लेन्समध्ये दोन नव्हे, तर बहुधा दहा ते वीस भिंगे असतात आणि ती तीन-चार किंवा अधिक गटांनी हलतात. ३५ मिमी फिल्मच्या स्थिरचित्रण कॅमेऱ्यासाठी बाजारात आलेली पहिली झूम लेन्स म्हणजे १९५९ सालची फोइग्टलेंडर झूमर. तिचा पल्ला ३६ ते ८२ मिमी होता आणि तिच्यात १४ भिंगे होती. इतकी भिंगे हलत असताना त्या सर्वांचे केंद्र एकाच रेषेत राहायला हवे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या कोणत्याही कारागिराला विचारा: फिरता जॉब 'सेंटर'ला नसेल तर काय होते? लेन्सचेही तसेच आहे. भिंगाचे केंद्र मिलीमीटरच्या काही शतांश भागाने जरी बाजूला गेले, तरी ते चित्रात उमटू शकते.

म्हणूनच झूम लेन्सची बांधणी आणि तिची प्रतिमा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. ही गोष्ट कोल्हापूरला नवी नाही. बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात येथेच चलच्चित्राचा देशी कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. पुढे बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० साली पडद्यावर आला. चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चौकट क्षणभर अगदी स्थिर धरून लगेच पुढे सरकवावी लागते. तेथे यंत्र ढिले असेल, तर काच कितीही चांगली असो, चित्र थरथरणारच.

सममितीचा नियम

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. भिंगे गोल असतात. सर्व भिंगे एकाच अक्षावर नीट बसली असतील, तर लेन्स अक्षाभोवती कितीही फिरविली तरी काही फरक पडू नये. याचाच अर्थ असा, की आराखड्यामुळे येणारा दोष चित्राच्या मध्यापासून समान अंतरावर सर्वत्र सारखाच दिसला पाहिजे.

यावरून एक सोपी कसोटी मिळते. चित्राचे चारही कोपरे सारखेच अस्पष्ट असतील, तर तो आराखड्याचा, म्हणजे बहुधा किमतीचा दोष आहे. तीन कोपरे स्पष्ट आणि एकच अस्पष्ट असेल, किंवा डावी बाजू स्वच्छ आणि उजवी पुसट असेल, तर बहुतेक वेळा तो बांधणीचा दोष असतो. कोणते तरी भिंग तिरके बसले आहे, किंवा लेन्स केव्हा तरी पडली आहे. नळी न उघडता आतले यंत्र पाहण्याची ही युक्ती आहे. एकाच नावाच्या दोन लेन्स वेगळ्या का वागतात, हेही यावरून कळते. परीक्षणात वाचलेली लेन्स आणि तुमच्या हातातली लेन्स यांचा आराखडा एक असेल. बांधणी एकच असेल असे नाही.

प्रयोग १ : पाच पानांची भिंत

सपाट भिंतीवर वर्तमानपत्राची पाच पाने चिकटवा: एक मध्यभागी आणि चार अशी, की ती चित्राच्या चार कोपऱ्यांत येतील. कॅमेरा तिपाईवर किंवा भक्कम टेबलावर ठेवा. भिंतीपासूनचे अंतर नाभीय अंतराच्या निदान पन्नास पट असावे. म्हणजे ५० मिमीसाठी अडीच मीटर, तर २०० मिमीसाठी दहा मीटर. शाळेचा व्हरांडा यासाठी उत्तम. नाभीय अंतर बदलले, की कॅमेरा पुढेमागे न्यावा लागेल आणि पानांची जागाही पाहून घ्यावी लागेल.

कॅमेरा भिंतीला अगदी काटकोनात हवा, नाही तर एक बाजू जवळ आणि दुसरी दूर होऊन आपणच खोटा दोष निर्माण करू. येथे आरसा उपयोगी पडतो. मधल्या पानावर आरसा भिंतीला घट्ट टेकवून लावा. कॅमेऱ्यातून पाहताना लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब चित्राच्या बरोबर मध्यभागी दिसेल, तेव्हा अक्ष भिंतीला लंब आहे असे समजा. कारण लंब आपाती किरणच आल्या मार्गाने परत जातो. मग आरसा काढून घ्या.

कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनक्षमता कमीत कमी ठेवा. तिपाई वापरताना कंपनरोधक यंत्रणा बंद करा आणि कळ हाताने न दाबता दोन सेकंदांच्या स्वयंचलित कळीचा उपयोग करा. पडद्यावर चित्र मोठे करून मधले अक्षर हाताने स्पष्ट करा. आता छिद्र पूर्ण उघडे ठेवून एक चित्र घ्या, मग एफ/५.६, एफ/८, एफ/११, एफ/१६, एफ/२२ अशी चित्रे घ्या. हीच मालिका झूमच्या सर्वांत कमी, मधल्या आणि सर्वांत जास्त नाभीय अंतरावर करा. लक्षात ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

एक कोपरा पुसट दिसला, तर लगेच लेन्सला दोष देऊ नका. कॅमेरा उलटा, म्हणजे १८० अंशांनी फिरवून बसवा आणि पुन्हा चित्र घ्या. पुसटपणा कॅमेऱ्याच्या चौकटीतील त्याच कोपऱ्यात राहिला, तर तो कॅमेरा-लेन्सकडचा. भिंतीवरच्या त्याच पानाकडे राहिला, तर तुमची मांडणी चुकली आहे. लेन्स की कॅमेरा हे ठरविण्यासाठी त्याच कॅमेऱ्यावर दुसरी लेन्स लावून पाहा.

आणखी एक पायरी. चारही कोपरे सारखे पुसट असतील, तर या वेळी कोपऱ्यातले अक्षर स्पष्ट करून चित्र घ्या. कोपरा सुधारला आणि मध्य बिघडला, तर लेन्सचे प्रतिमापृष्ठ सपाट नसून वाटीसारखे वक्र आहे. निसर्गचित्रात किंवा माणसांच्या चित्रात हे फारसे खुपत नाही. नकाशे किंवा जुनी कागदपत्रे टिपायची असतील, तर मात्र खुपेल.

एक इशारा. दूरचा डोंगर ही लेन्सची कसोटी नव्हे. कोल्हापुरातून सुमारे वीस किलोमीटरवरचा पन्हाळा टिपून 'लेन्स पुसट आहे' असे ठरविणारे पुष्कळ भेटतात. मधल्या तापलेल्या हवेची घनता क्षणाक्षणाला बदलते आणि किरण वाकडेतिकडे होतात. तो दोष हवेचा असतो, लेन्सचा नव्हे.

छिद्र किती लहान करावे?

तुमच्या मालिकेत एक गंमत दिसेल. पूर्ण उघड्या छिद्राला चित्र थोडे मऊ, मधल्या छिद्रांना सर्वांत रेखीव आणि एफ/२२ला पुन्हा मऊ. असे का?

मोठ्या छिद्रातून भिंगाच्या कडेचे किरणही आत येतात. ते मधल्या किरणांच्या नाभीत न मिळता थोडे अलीकडे किंवा पलीकडे मिळतात. यालाच गोलीय विपथन म्हणतात. छिद्र लहान केले, की हे किरण अडतात आणि दोष झपाट्याने कमी होतो. पण छिद्र फार लहान झाले, की प्रकाशाचे विवर्तन पुढे येते. विवर्तनामुळे बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता छोटी चकती होते. तिचा व्यास असा मिळतो:

व्यास = २.४४ × तरंगलांबी × एफ-क्रमांक

हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर घेतली, तर एफ/८ला हा व्यास सुमारे ११ मायक्रोमीटर आणि एफ/२२ला सुमारे ३० मायक्रोमीटर येतो. ३६ मिमी रुंद पट्टीवर ६,००० चित्रबिंदू असलेल्या कॅमेऱ्यात एक चित्रबिंदू ६ मायक्रोमीटरचा असतो. म्हणजे एफ/२२ला एका बिंदूचा प्रकाश सुमारे पाच चित्रबिंदूंच्या रुंदीवर पसरतो. हा निसर्गनियम आहे. तो स्वस्त आणि महाग लेन्सना सारखाच लागू पडतो. म्हणून एफ/२२चे चित्र पाहून लेन्स नापास करू नये.

प्रयोग २ : रंगांच्या कडा

पांढऱ्या आभाळासमोर आलेल्या झाडाच्या काळ्या फांद्या चित्राच्या कडेला येतील असे छायाचित्र घ्या. फांदीच्या एका बाजूला जांभळट आणि दुसऱ्या बाजूला हिरवट किनार दिसली, तर ते वर्णीय विपथन होय. काच निळ्या आणि तांबड्या प्रकाशाला सारखे वाकवीत नाही, हे तुम्ही लोलकाच्या प्रयोगात पाहिलेच आहे. येथे निळी आणि तांबडी प्रतिमा किंचित वेगळ्या आकाराची पडते. हा दोष छिद्र लहान करून जात नाही. चित्राच्या मध्यभागीही जांभळी झाक दिसत असेल आणि छिद्र लहान केल्यावर ती कमी होत असेल, तर तो त्याच दोषाचा दुसरा प्रकार आहे: निळ्या आणि तांबड्या किरणांची नाभी वेगवेगळ्या अंतरांवर पडते.

प्रयोग ३ : सरळ रेषा सरळ राहते का?

दाराची चौकट किंवा दगडी इमारतीच्या थरांची आडवी रेषा चित्राच्या वरच्या कडेजवळ येईल असे पाहा. झूमच्या कमी नाभीय अंतराच्या टोकाला रेषा बहुधा पिंपासारखी बाहेर फुगते आणि जास्त अंतराच्या टोकाला उशीच्या कडेसारखी आत दबते. रेषेचा मध्य तिच्या टोकांपासून ४० चित्रबिंदूंनी सरकला असेल आणि चित्राची उंची ४,००० चित्रबिंदू असेल, तर ही वक्रता एक टक्का झाली. आजचे अनेक कॅमेरे हा दोष आतल्या आत गणिताने दुरुस्त करून मगच चित्र दाखवितात. लेन्सचे खरे रूप पाहायचे, तर प्रक्रिया न केलेली मूळ नोंद दुरुस्ती बंद ठेवून उघडावी लागते.

प्रयोग ४ : विजेरी आणि काचेवरचा लेप

काचेच्या साध्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. एखाद्या झूम लेन्समध्ये हवेला लागून असलेले २४ पृष्ठभाग असतील, तर ०.९६ चा २४ वा घात, म्हणजे जेमतेम ३८ टक्के प्रकाश पार जाईल. उरलेल्यातला काही आतल्या आत उड्या मारून चित्रावर धुकट पडदा पसरवील. पृष्ठभागावर योग्य लेप देऊन परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आणले, तर पार जाणारा प्रकाश सुमारे ८९ टक्के होतो. झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली अशा लेपाची पद्धत शोधली. मॅग्नेशियम फ्ल्युओराइडचा असा एकपदरी लेप सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा असतो, कारण लेपातील तरंगलांबीच्या पाव भागाएवढी ती जाडी होते. लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी मग एकमेकींना मारक ठरतात.

परीक्षा अशी घ्या. अंधाऱ्या खोलीत लेन्ससमोर, पण चित्राच्या चौकटीच्या जरा बाहेर, पेटलेली विजेरी धरा आणि गडद रंगाची वस्तू टिपा. काळा रंग राखाडी झाला किंवा रंगीत ठिपक्यांची माळ उमटली, तर लेन्स आडवा प्रकाश नीट हाताळत नाही. ही परीक्षा सूर्यावर कधीही करू नका. लेन्समधून सूर्याकडे पाहिल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.

हाताने घ्यावयाची परीक्षा

आता लेन्स कॅमेऱ्यावरून काढा आणि पुढील गोष्टी पाहा.

१. झूमचे कडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच जोराने फिरते का? मध्ये खरखर किंवा अडथळा नको.

२. नळी पूर्ण बाहेर काढून टोक अलगद हलवा. किंचित हालचाल चालते, खुळखुळा नको. लेन्स खाली तोंड करून धरल्यास नळी आपोआप घसरत असेल, तर घर्षण कमी झाले आहे.

३. कॅमेऱ्याला जोडणारे कडे झिजलेले, वाकलेले नाही ना? स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या असतील, तर लेन्स कोणी तरी उघडली आहे.

४. छिद्राची पाती कोरडी आहेत का? त्यांवर तेल आले, की ती अडकतात.

५. विजेरी मागून धरून आत पाहा. धुळीचे चार कण निरुपद्रवी असतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू मात्र बुरशीचे. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवा आठवडेच्या आठवडे दमट असते आणि बंद चामडी पेटीत बुरशी लवकर धरते. ती लेप आणि काच दोन्ही खाते. अशी लेन्स स्वस्तात मिळाली तरी टाळावी. आपली लेन्स पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी आणि अधूनमधून वापरावी.

धातूची नळी चांगली आणि प्लास्टिकची वाईट, असा सरसकट समज आहे. गणित करून पाहू. ॲल्युमिनियमची १०० मिमी नळी तापमान २० अंशांनी वाढल्यास सुमारे ०.०५ मिमी प्रसरण पावते. साध्या पॉलिकार्बोनेटची सुमारे ०.१३ मिमी. फरक खरा आहे. परंतु काचेचे तंतू मिसळलेले प्लास्टिक साध्या प्लास्टिकपेक्षा पुष्कळ कमी प्रसरण पावते, आणि आराखडा करणारे हे हिशेब आधीच धरतात. म्हणून नळी कशाची, यापेक्षा चारही कोपरे सारखे आहेत का, हा प्रश्न अधिक मोलाचा.

निकाल कसा लावावा?

संगणकाच्या पडद्यावर चित्र पूर्ण मोठे करून पाहिले, की प्रत्येक लेन्स सदोष दिसते. मग दोष किती मनावर घ्यावा? निरोगी डोळ्याला सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन ओळखता येतो. अर्ध्या मीटरवरून पाहताना हे सुमारे ०.१५ मिमी होते. ६,००० चित्रबिंदूंचे चित्र ३० सेंमी रुंद छापले, तर एक चित्रबिंदू ०.०५ मिमीचा होतो. म्हणजे तीन चित्रबिंदूंपर्यंतचा पुसटपणा त्या छापील चित्रात जेमतेम जाणवेल. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी एवढी लेन्स पुरेशी आहे.

तेव्हा निकाल दोन भागांत लावा. सगळीकडे सारखा दिसणारा दोष हा सौद्याचा प्रश्न आहे: आपल्या कामाला आणि पैशाला तो परवडतो का? एकाच बाजूला दिसणारा दोष हा नकाराचा प्रश्न आहे, कारण तो बिघाड आहे आणि वापराने वाढू शकतो. नवी लेन्स असेल, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी ही परीक्षा उरका. वापरलेली असेल, तर पैसे देण्याआधी.

करून पाहा

१. एका लेन्सवर '१८–५५ मिमी, १:३.५–५.६' असे कोरले आहे. दोन्ही टोकांना पूर्ण उघड्या छिद्राचा व्यास किती? (एफ-क्रमांक = नाभीय अंतर ÷ छिद्राचा व्यास.) झूम वाढविताना व्यास वाढला, तरी एफ-क्रमांक का वाढला?

२. क = −१०० मिमी आणि ख = +५० मिमी असताना न = ६२.५ मिमी हवे असेल, तर दोन भिंगांत किती अंतर ठेवाल?

३. वर्गातील दोन मित्रांच्या एकाच बनावटीच्या लेन्स घेऊन प्रयोग १ करा. चित्रांवर नावे न लिहिता तिसऱ्या मित्राला कोपऱ्यांना गुण द्यायला सांगा. कोणती लेन्स कोणाची हे परीक्षकाला माहीत नसावे, हा नियम का हवा, याचाही विचार करा.